ऑक्सिजनच्या टाकीचा उपास

ये गं, अशी जवळ ये. तू हे फोनवर वाचणार आहेस हे ठाऊक आहे मला, तरी जवळ ये म्हणते, कारण कान धरायचा आहे तुझा. पुण्याच्या प्रयोगशाळेत लागलीस, पहिल्याच आठवड्यात फोटो पाठवलास, आणि तुझ्या आईनं तो सांगलीतल्या निम्म्या गल्लीला दाखवलासुद्धा. मीही बघितला. चष्मा पुसून बघितला. पांढरा कोट छान दिसतोय तुला. पण टेकलीस कशाला, तर उंच गॅसच्या टाकीला! मैत्रिणीच्या गळ्यात टाकावा तसा तिच्या गळ्यात हात. टाकीला बांधायची साखळी मागं भिंतीवर नुसतीच लोंबतेय, आणि तू दात काढून हसतेयस. अगं, तुझी ही मावशी सातवी शिकलेली, पण साखर कारखान्याच्या लॅबमध्ये फरशी पुसायला लागली आणि त्याच लॅबमधनं निवृत्त झाली. टाकी कशी असते आणि काय करते, ते मला कळतं.

आधी राग आला, मग हसू आलं. वाटलं, आमच्या साहेबांनी हा फोटो बघितला तर ते एसटीत बसून पुण्याला जातील, साखळी लावतील, आणि चहासुद्धा न घेता परत येतील. गुडघे धड असते तर खरंच केलं असतं. असला माणूस मी दुसरा बघितला नाही. तुला त्यांच्याविषयी कधी नीट सांगितलंच नव्हतं, ते आज सांगते.

नाव लिहीत नाही त्यांचं. आम्ही लॅबमधल्या बायका त्यांना साहेबच म्हणायचो. वाईकडचे. पुण्यात शिकून एम.एस्सी. झाले होते, पण बोलणं गावाकडचं ते गावाकडचंच ठेवलं. उंच, काटकुळे, शर्टाची बटणं थेट गळ्यापर्यंत लावलेली. आणि केस? डोक्यावर असे उभे, की लांबून बघणाऱ्याला वाटावं, उसाच्या शेंड्याचं वाढं चालत येतंय. कारण एकच. डोक्याला तेल लावायचे नाहीत. स्वतः लावायचे नाहीत आणि आम्हालाही लावू द्यायचे नाहीत. कामावर येताना केस धुतलेले पाहिजेत, वर फडकं बांधलेलं पाहिजे, आणि टाकीच्या कोपऱ्यात जायच्या आधी साबणानं हात दोनदा धुतलेले पाहिजेत. घरनं चिवडा आणला तर तो बाहेर लिंबाच्या झाडाखाली उभं राहून खायचा. ते स्वतः तसेच खायचे, पावसात छत्री धरून. खाऊन झाल्यावर कोपरापर्यंत हात धुवायचे, डॉक्टरसारखे.

का, ते मात्र सांगायचे नाहीत. "न्हाई म्हंजे न्हाई बाई," एवढंच. माझ्याबरोबर शालन कामाला होती, भारी तोंडाळ. ती म्हणायची, "साहेबांची सासुरवाडी तेलाच्या घाण्यावाली आसंल बग. लग्नात मानपान केला नसंल, म्हनून तेलावर राग." निवृत्त झाल्यावर मात्र साहेब सकाळ-संध्याकाळ डोक्याला तेल लावायला लागले, चपचपीत. विचारलं तर म्हणतात, "एवढ्या वर्सांचं ऱ्हायलंय बाई."

आता ती टाकी कसली, ते सांगते. रस काढून उरलेला उसाचा भुसा कारखान्यात बॉयलरला घालतात आणि त्याच्यावर वीज करतात. कुठल्या भुशात किती उष्णता आहे हे बघायचं एक यंत्र लॅबमध्ये होतं. तांब्याएवढं जाड पोलादी भांडं. त्यात भुशाची इवलीशी गोळी ठेवायची, झाकण आवळायचं, ऑक्सिजन दाबून भरायचा, भांडं पाण्यात बुडवायचं आणि विजेच्या तारेनं गोळी आतल्या आत पेटवायची. पाणी किती तापलं त्यावरनं भुशाची ताकद कळायची. तो ऑक्सिजन यायचा कोपऱ्यातल्या टाकीतनं. अंग काळं, खांदा पांढरा, उंचीला माझ्याएवढी.

त्या टाकीशी साहेब अहो-जाहोनं बोलायचे. खरंच सांगते. चेअरमनला कधी विसरतील, पण टाकीला नाही. सकाळी आत आले की कोपऱ्याकडं बघून म्हणायचे, "आवं, बऱ्या हाय का?" दाबाचा काटा बघायचे, साखळी ओढून बघायचे, मग खुर्चीत बसायचे. टाकी रिकामी झाली, काटा शून्यावर आला, टोपण घातलं, की लगेच "चल गं, निघ आता." मी नवीन होते तेव्हा मला हसू आवरायचं नाही. एकदा पकडलं त्यांनी मला हसताना. रागावले नाहीत. म्हणाले, "बाई, हात पुढं करा. ह्या एवढ्याशा नखावर साखरेची तीन पोती ठिवली तर काय हुईल?"

"नख जाईल की साहेब."

"नख? बोट जाईल. ह्या टाकीबाई आतनं प्रत्येक नखाएवढ्या जागंवर एवढं ढकलत्यात. दिसरात. तरी गप उभ्या हायत. मग त्यांच्याशी नीट बोलाया नगो का?"

त्या दिवसापासनं मीही टाकीला अहो म्हणायला लागले. शालन तर पुढचं बोलायची. "आवं टाकीबाई, जरा सरकता का, फरशी पुसायचीय."

दाब असलेल्या कुठल्याच वस्तूसमोर साहेब तोंड करून उभे राहायचे नाहीत. कायम बाजूला, तोंड वळवून. लग्नात सोड्याची बाटली उघडली तरी तसंच. नवरदेवाच्या मामाला वाटायचं पाहुणे रुसले. आणि प्रेशर कुकर! तो किस्सा तर तुझे काका अजून सांगतात. साहेब एकदा आमच्या घरी चहाला आले होते. तुझे काका नुकतेच फौजेतनं निवृत्त होऊन आले होते, मिशा पिळून सोप्यात बसलेले. आत कुकरनं शिट्टी दिली. साहेबांनी कप खाली ठेवला, कान टवकारले आणि सरळ स्वयंपाकघरात शिरले. परक्या बाईच्या चुलीपाशी असा पुरुष येतो का? पण आले. गॅस बंद केला, बाजूला उभं राहून कुकर गार होईपर्यंत वाट बघितली, झाकण काढून उलटं केलं. त्याच्यावरचा तो बारका व्हॉल्व्ह असतो ना, दाब फार वाढला तर वितळून वाफ सोडणारा, तो आमचा कधीच गेला होता, आणि भांड्यांच्या दुरुस्तीवाल्यानं तिथं खिडकीच्या काचेला लावतात तसली लांबी भरून दिली होती. साहेबांनी झाकण बगलेत मारलं, "येतो," म्हणाले, आणि गेले. झाकण घेऊन!

तुझे काका दारात उभे. "गेला की गं झाकान घिऊन. फौजंत आसता तर रणगाडा न्हेला आसता ह्यानं."

तीन दिवस आम्ही पातेल्यात भात शिजवला. चौथ्या दिवशी साहेब साताऱ्याहून नवा व्हॉल्व्ह बसवून झाकण घेऊन आले, आणि राहिलेला चहा मागून प्यायले.

पण त्यांचं सगळ्यात मोठं वेड म्हणजे 'थांबा'. त्यांचा नियम असा, की लॅबमध्ये कुणीही, अगदी फरशी पुसणारीनंसुद्धा, 'थांबा' म्हटलं, की ज्याच्या हातात जे असेल त्यानं ते सोडायचं, हात काढायचे, मागं सरकायचं. का, ते नंतर विचारायचं. आधी हात. ह्याची ते तालीम घ्यायचे. आम्ही चहा पीत असलो, की मधेच ओरडायचे, "थांबा!" कप तोंडापाशी तसेच. मग आम्हीही त्यांच्यावर सूड उगवायला लागलो. ते वहीत लिहीत असले की शालन दारातनं, "थांबा!" साहेब पेन ठेवून हात मागं. कधीही चिडले नाहीत. एका शनिवारी तर कमालच झाली. साहेब वाईला घरी निघाले होते, कारखान्याच्या फाट्यावर एसटीत चढत होते, एक पाय पायरीवर. शालन लांबनं पळत येत ओरडली, "साहेब, थांबा!" साहेबांनी दांडी सोडली, पाय खाली घेतला, दोन पावलं मागं सरकले. कंडक्टरनं बेल मारली. गाडी गेली.

"बोला," साहेब म्हणाले.

"डबा ऱ्हायला तुमचा."

आम्हाला वाटलं, आता हिची खैर नाही. पुढची गाडी दीड तासानं. साहेब म्हणाले, "बरं केलंत." आणि दगडावर बसून राहिले, डबा मांडीवर घेऊन. सोमवारी शालनसाठी कंदी पेढे आणले. "का थांबवलं हे बारकं हाय का मोठं, ते थांबल्यावर बघायचं," म्हणाले. शालन नंतर आठवडाभर उगीचच कुणालाही थांबवत सुटली होती, पेढ्यांसाठी.

आता माझी गोष्ट सांगते. ही तुझ्या आईलासुद्धा अर्धीच माहीत आहे.

मी रोजंदारीवर होते. सहा वर्षं. दर वर्षी कायम करायच्या लोकांची यादी निघायची आणि त्यात माझं नाव नसायचं. त्या वर्षी पहिल्यांदा लागलं. यादी संचालकांपुढं जायची होती, दिवाळीपर्यंत कागद हातात यायचा होता. मी घरात कुणाला मोठ्यानं बोलूही देत नव्हते त्याबद्दल, दृष्ट लागेल म्हणून.

दसरा आला. खंडेनवमीला आपल्याकडं हत्यारांची, यंत्रांची पूजा असते हे काय तुला सांगायचं? कारखान्यात तर त्या दिवशी बघत राहावं. ऊस तोलायच्या काट्यापासनं फिटरच्या पान्यापर्यंत सगळं घासूनपुसून, तेलाचं बोट लावून, हळदीकुंकू, झेंडूची माळ. साहेब वाईला घरी गेले होते. मी आणि शालननं लॅब चकाचक केली. सूक्ष्मदर्शकाला कुंकू लावलं, तराजूला लावलं, बर्नरला लावलं. शालन घरी गेली. मी निघता निघता मागं वळून बघितलं, तर कोपऱ्यात टाकीबाई तशाच उभ्या. ना फूल, ना कुंकू. सगळ्यांना हळदीकुंकू दिलं आणि एक सवाशीण दारात तशीच उभी ठेवली, असं वाटलं मला. रोज अहो-जाहो करतो आणि सणाला विसरलो?

परत आत गेले. माळ घातली. टाकीच्या गळ्याला पितळी रेग्युलेटर होता, म्हणजे आतला दाब कमी करून गॅस बाहेर सोडणारं यंत्र. त्याची मूठ फिरवताना साहेबांच्या हाताखाली कुरकुरायची, मी रोज ऐकायची. म्हटलं, साहेब येतील तर कसं मऊ फिरलं पाहिजे. पिशवीत खोबरेलाची बाटली होती, देवाच्या समईसाठी घेतलेली. बोट काय, धारच सोडली. स्क्रूच्या आट्यांतनं जिरवलं, फडक्यानं पुसून घेतलं. मग काट्याच्या काचेवर दोन बोटं कुंकू. हात जोडले आणि समाधानानं घरी गेले.

डोक्याला तेल नको, हे मला पाठ होतं. यंत्राला नको, हे माझ्या मनातसुद्धा आलं नाही. यंत्राला तर तेल घालतातच ना?

दसऱ्याला बॉयलर पेटला. दुसऱ्या दिवशी सकाळी वीज घेणारे पाहुणे भुशाची परीक्षा बघायला आले. चेअरमन त्यांना घेऊन लॅबमध्ये आले तेव्हा साहेब एसटीतनं उतरून, हात धुऊन, नुकतेच आत पोचले होते. गडबड होती. माळ बघून साहेब हसले. "आवं, तुमचीबी पूजा झाली व्हय? बरं झालं." भुशाची गोळी ठेवली, भांड्याचं झाकण आवळलं, नळी जोडली. टाकीच्या बाजूला जाऊन तोंड वळवून उभे राहिले, गॅस सोडायच्या चावीवर हात ठेवला. आणि मला म्हणाले, "बाई, काच पुसून घ्या जरा. काटा दिसंना कुंकवानं."

मी कोरडं फडकं घेऊन काच पुसली. कुंकू निघालं आणि खाली तांबडी इंग्रजी अक्षरं दिसली. मी तेव्हा इंग्रजी शिकत होते, माझी मीच. बाटल्यांच्या चिठ्ठ्यांवरनं, डब्यांवरनं, दारावरच्या पाट्यांवरनं. दिसेल ते अक्षर लावायची खोड लागली होती. 'नो' मला येत होतं, धूम्रपानाच्या पाटीवरचं. शेवटचा शब्द कारखान्यातल्या तेलाच्या डब्यावर रोज बघायची, ऑइल. पहिला शब्द कळला नाही, तो 'यूज' होता हे साहेबांनी नंतर सांगितलं. पण नो आणि ऑइल शेजारीशेजारी बघितले आणि फडकं काचेवरच थांबलं. चिवडा, साबण, धुतलेले केस, सगळं एकदम डोळ्यापुढं आलं.

साहेबांचा हात चावीवर होता. चेअरमन दोन हातावर. तोंड उघडलं तर काय होणार ते मला कळत होतं. यादी डोळ्यापुढं दिसत होती. आणि कदाचित काहीच नसेल, मलाच चुकीचं लागलं असेल वाचायला, हेही मनात येऊन गेलं. किती वेळ गेला असेल? पापणी लवायला लागतो तेवढा.

"थांबा!"

एवढी मोठ्यानं मी आयुष्यात ओरडले नव्हते. साहेबांचा हात निघाला. दोन पावलं मागं. तोंडातनं प्रश्न नाही. चेअरमनच विचारायला लागले, "आवं काय झालं? ही कोन बाई?" साहेब म्हणाले, "आधी सगळे भायेर चला."

"आवं पन साहेब, पावनं हायत..."

"पावन्यास्नी पयलं न्या."

लिंबाखाली सगळे जमले. साहेब माझ्यापुढं उभे राहिले आणि हळू आवाजात म्हणाले, "हां बाई. बोला आता."

"खंडेनवमीला मी... तेल घातलं त्याला. खोबरेल."

"कितीसं? बोटभर?"

"न्हाई साहेब. लय. धार सोडली."

साहेब पायरीवर बसले. त्या माणसाला मी कधी पायरीवर बसलेलं बघितलं नव्हतं. मग म्हणाले, "हवंत तेल पेटवायला काडी लागती बाई. एवढ्या दाबाचा ऑक्सिजन अंगावर आला की काडी लागत न्हाई. तेल आपसूक पेटतंय. मग पितळबी जळतंय."

चेअरमनांचा पारा चढला. पाहुण्यांसमोर शोभा झाली होती. "रोजंदारीवरची न्हवं ही? उद्यापासनं येऊ नगं म्हनावं हिला." मी मान खाली घालून उभी. शालननं माझा हात घट्ट धरून ठेवला होता.

साहेब उठले. "हिला काढाल," ते म्हणाले, "तर उद्या दुसरी कोन तेल घालंल. आन् ती गप ऱ्हाईल. चालंल?"

पाहुण्यांना ऊस तोलायचा काटा दाखवायला नेलं.

टाकी कुणी पुसायची नाही, उघडायची नाही, हात लावायचा नाही, असं साहेबांनी सगळ्यांना बजावलं. लॅबला कुलूप घातलं. पुठ्ठ्यावर मराठी, हिंदी, इंग्रजीत लिहिलं, 'तेल लागलं आहे. उघडू नये.' टाक्या पुरवणाऱ्यांना फोन केला, त्यांची जाणती माणसं येऊन टाकी आणि रेग्युलेटर घेऊन गेली. परीक्षा आठ दिवस पुढं गेली.

त्या आठ दिवसांत एकदा मला संचालकांपुढं बोलावलं. साहेब म्हणाले, "मीबी येतो." काखेत लॅबची वही. आत गेल्यावर वही उघडून त्यांनी लिहिलेलं वाचून दाखवलं. काय घडलं, कसं घडलं, कुणी थांबवलं. थांबवणारीच्या जागी माझं पूर्ण नाव, नवऱ्याच्या नावासकट. चेअरमन म्हणाले, "आन् नियम कुनी मोडला? ते लिवा की."

"लिवलंय. शेवटची ओळ ऱ्हायली." साहेबांनी वाचलं, "'तेल का चालत नाही हे मी सहा वर्षांत कुणालाही सांगितलं नाही. चूक माझी.'" वही मिटली. "मला वाटलं, बायकांस्नी कशाला भ्या दावायचं. नियम सांगितला, कारन सांगितलं न्हाई. काढायचं तर मला काढा."

चेअरमननी वही ओढून घेऊन ती ओळ स्वतः वाचली. माणूस वाईट नव्हता. आपण त्या सकाळी कुठं उभे होतो हे त्यांना आठवलं असावं. शेवटी म्हणाले, "जावा बाई. कामाला लागा."

त्या शनिवारपासनं साहेब कारणं सांगायला लागले. सहा वर्षांची उधारी फेडल्यासारखे. सायकलचा पंप आणला, म्हणाले, टोकावर बोट दाबून धरा आणि हाणा. चार वेळा हाणलं तर खालचं टोक चटका बसावा इतकं तापलं. "एवढ्याशा दाबानं एवढं. मग टाकीबाईंच्यात किती?" शालन म्हणाली, "आगं बया! मग चावी हळूहळू का फिरिवता, ते आत्ता कळलं." साखळी का, तर टाकी आडवी पडून गळा तुटला की ती बाणासारखी सुटते, भिंत बघत नाही. तोंड का वळवायचं, टोपण का घालायचं, सगळं. शालन प्रश्न विचारून त्यांना घाम फोडायची आणि साहेब खूश व्हायचे.

पुढच्या खंडेनवमीला आम्हाला वाटलं, आता पूजा बंद. तर साहेब वाईला गेलेच नाहीत, थांबले. स्वतः फुलं आणली. टाकीच्या पायाशी, फरशीवर, लांब ठेवली. कुंकू भिंतीला लावलं. आणि हात जोडून आम्हाला म्हणाले, "टाकीबाईंचा आज कडक उपास हाय. तेल न्हाई, तूप न्हाई, काय न्हाई. सगळ्यांनी ध्यानात ठिवा." शालननं विचारलं, "सुटनार कवा उपास?" "त्यांचा बारमाही आस्तो," म्हणाले. तेव्हापासनं लॅबमध्ये नवीन येणाऱ्या प्रत्येक बाईला पहिल्या दिवशी हेच सांगायचं, टाकीचा उपास असतो. आणि लगेच पंप हातात द्यायचा.

हे पुढच्या वर्षीचं झालं. तेल घातलं त्या वर्षीचं एक राहिलं. दिवाळी झाली आणि मला कायम केल्याचा कागद मिळाला. मी पेढे घेऊन साहेबांकडं गेले. त्यांनी पेढा उचलला, लिंबाखाली जाऊन खाल्ला, दोनदा हात धुतले, परत आले. कपाट उघडलं. स्वच्छ फडक्यात गुंडाळलेला पाना काढला आणि माझ्यापुढं ठेवला. टाकी बदलायचा पाना. त्यांच्याशिवाय त्याला कुणी हात लावायचं नाही.

"आजपासनं टाकी बदलायचं काम तुमचं."

"माझं? साहेब, मीच तर तेल..."

"म्हनूनच की. ह्या कारखान्यात तेलाला तुमच्याएवढं भिनारं दुसरं कोन हाय?"

नवी टाकी दारात आली होती. त्यांनी एकदा सगळं करून दाखवलं, एकदा माझ्याकडनं करून घेतलं, मग सगळं सोडलं आणि म्हणाले, आता पहिल्यापासनं तुम्ही. आणि दाराबाहेर जाऊन पाठ करून उभे राहिले. मी म्हटलं, "साहेब, बघा तरी." तिकडं तोंड करूनच म्हणाले, "बघून काय करू? हात कापत्यात ते म्हाईत हाय मला. कापू द्या. सावकाश करा."

हात धुतले. पुसले. साखळी लावली. आटे बघितले, कोरडे, स्वच्छ. रेग्युलेटर बसवला, आवळला, मूठ सैल आहे का बघितलं. बाजूला उभी राहिले, तोंड वळवलं, चावी हळू, अगदी हळू फिरवली. काटा उचलला आणि वर गेला. साबणाचं पाणी लावलं, एक बुडबुडा नाही. कुठं सूं नाही की सां नाही. दारापाशी जाऊन म्हटलं, "साहेब, या. त्या बऱ्या हायत."

ते आत आले, काटा बघितला, साखळी ओढून बघितली आणि खुर्चीत बसले. वही माझ्याकडं सरकवली. "लिवा. तुमी बसिवली, तुमीच लिवा." मी माझं नाव लिहिलं. इंग्रजीत. अक्षर वाकडं आलं, पण लिहिलं.

साहेब आता पंच्याहत्तरीला आलेत. गुडघ्यांनी एसटी चढवत नाही, नाहीतर तुझ्याकडं कधीच आले असते. परवाच वाईला त्यांच्याकडं गेले होते, तेव्हा तुझं सांगितलं, भाची लॅबमध्ये लागली म्हणून. फोटोचं बोलले नाही, तुझी लाज राखली. त्यांनी एकच विचारलं, "तिथं तिला कोन कारनं सांगतंय का?" मी म्हटलं, माहीत नाही. तर म्हणाले, "घिऊन या की हिकडं."

तर बाई, येत्या रविवारी रजा टाक. रविवारी नाही जमलं तर त्याच्या पुढच्या. साताऱ्याच्या स्टँडवर उतर, मी तिथंच उभी राहीन, आणि दोघी मिळून वाईच्या गाडीत बसू. तुझ्या आवडीचं पिठलं करून डब्यात घेते. काही चुकलंमाकलं असेल तर तेही सांगायला घेऊन ये, साहेब रागावत नाहीत. साहेबांच्या घरच्या वहिनींना मी सांगून आले आहे की दोघी येतो. लवकर ये.